नाशिकहून स्वतःच्या गाडीने डिसेंबरात मनाली: बर्फात गाडी चालवणं जमेल का?

मनालीला जा, पण बर्फात स्टिअरिंग तुमच्या हातात नको.

तुम्ही लिहिलंय की भर पावसात, धुक्यात कसारा घाट सहज उतरता. सोबत आईवडील आणि दोन मुलं आहेत, सुट्टी दहा दिवसांची. माझीही हीच ऐट होती. कसाऱ्यात ओल्या रस्त्यावर टायर थोडी तरी पकड धरतं. बर्फ गाड्यांखाली दाबला जाऊन रात्री गोठला की त्याची काच होते. तिथे ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही.

आम्ही गेलो तेव्हा इंदूर, ग्वाल्हेर, चंदीगड असे मुक्काम करत चौथ्या दिवशी मनालीत पोचलो, साधारण अठराशे किलोमीटर. (गंमत म्हणजे आपल्या मुंबई-आग्रा रोडचा जुना नंबर राष्ट्रीय महामार्ग 3. नवीन क्रमांकांत तो नंबर मनालीवरून लेहला जाणाऱ्या रस्त्याला मिळालाय. बाबांनी हे तीन वेळा सांगितलं.) दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन, म्हणून अटल बोगद्यातून पलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावाला गेलो. बोगदा 9.02 किलोमीटरचा, उंची 10,000 फुटांच्या वर. 2020 मध्ये तो सुरू झाल्यापासून लाहौलला जायला रोहतांगची खिंड चढावी लागत नाही, त्यामुळे आपल्यासारखे हौशी लोक थेट बर्फात पोचतात.

दुपारी दोनला बर्फाची भुरभुर सुरू झाली. परत बोगद्यातून मनालीच्या बाजूला आलो तोवर रस्ता पांढरा. बोगदा आणि मनालीच्या मधल्या सोलंगच्या उतारावर पुढची गाडी आडवी झाली, मी ब्रेक मारला आणि आमची गाडी शांतपणे, अजिबात आवाज न करता, दरीच्या बाजूला सरकायला लागली. कडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगाने अडवलं. आईने फक्त माझा खांदा घट्ट धरला होता.

बर्फात पकड मिळावी म्हणून टायरला गुंडाळायच्या साखळ्या होत्या, मनालीत घेतलेल्या. अर्धा तास बोटं सुन्न करून मी त्या मागच्या चाकांना बसवल्या. एक स्थानिक पोरगा आला, बघून हसला, म्हणाला, "साहब, गाड़ी आगे के पहियों से चलती है ना?" खरंच होतं. साखळी इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लावायची, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरगुती गाड्यांत ती पुढची चाकं. त्याने पाच मिनिटांत बदलून दिल्या आणि ब्रेकला पायच लावू नका म्हणाला. पहिला गिअर, इंजिनच्याच जोरावर उतरायचं. काच पुसायला गेलो तर फवारा येईना, नाशिकहून भरलेलं साधं पाणी गोठलेलं. हॉटेलवर पोचलो रात्री साडेअकराला. तेवढ्या वेळात आम्ही घरचा चिवडा आणि दोन थर्मास चहा संपवला.

म्हणून गाडी नेणारच असाल तर निघण्याआधी रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नाही ना, ते गॅरेजवाल्याकडून बघून घ्या. डिझेल गाडी असेल तर थंडीत चालणारं डिझेल मिळतं का ते मनालीत विचारून घ्या. आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठून फिल्टर तुंबवतं. रात्री हँडब्रेक ओढू नका, तोही गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. आणि बर्फात अडकलात तर इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. सायलेन्सर बर्फाने बुजला तर विषारी धूर आत येतो. अंधार पडायच्या आधी उतारावरून खाली असणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं.

पण मला विचाराल तर तुमचं गणितच बसत नाही. चार दिवस जायला, चार यायला, उरले दोन. डिसेंबर 2024 मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या. असा एक दिवस गेला तर उरलेला प्रवास तुम्ही झोप मोडून कराल, आणि ते बर्फापेक्षा वाईट. त्यापेक्षा नाशिकरोडहून दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे मनालीकडचाच ड्रायव्हर. बर्फाच्या दिवशी पोलीस सोलंगच्या पुढे फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) किंवा साखळीवाल्या गाड्याच सोडतात, आणि तिथल्या माणसाला परत फिरायचं कधी ते कळतं.

तरीही गाडीनेच जायचं ठरलं तर माझ्या साखळ्या डिकीत पडून आहेत. तुमच्या टायरचा साइज 195/65 आर 15 असेल तर कळवा, घेऊन जा.