आधी मुलांची घरं कळू देत

तू आता मुलांना प्रोग्रामिंग शिकवणार आहेस. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा तुला उत्तम येते, पण वर्गातल्या किती मुलांकडे घरी कॉम्प्युटर आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं आणि मोबाइल एकच, तोही बाबांबरोबर कामावर जातो. म्हणून गृहपाठ वहीत ड्राय रन करून, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय प्रोग्राम ओळीओळीने हाताने चालवून होईल असाच दे. मी सुरुवातीला अशा मुलांना आळशी समजले, त्याचं अजून वाईट वाटतं.

आणि भाषा! ‘क्ष’ दिसतं एक अक्षर, पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, क, पाय मोडल्याची खूण आणि ष असे 3 कोड, आणि ते कोड साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत 9 बाइट. मुलांना स्वतःच्या नावाची लांबी मोजायला लाव, कशी खुलतात बघ. ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं जाळं, शिकवताना मुंबईचं दादर स्टेशन घे; लोकलचे पश्चिम आणि मध्य मार्ग तिथे भेटतात.