‘बनावट’ या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कुठून?

तुम्ही विचारलंय की बनावट म्हणजे खोटं, तर मग पेपरात ‘भारतीय बनावटीचं विमान’ असं अभिमानाने का छापतात. शंका रास्त आहे.

मुळात या शब्दात खोटं असं काही नाहीये. सजवणे वरून सजावट तसं बनवणे वरून बनावट, हिंदीकडून आपल्याकडे आलेला शब्द, अर्थ साधा, घडण. खोटेपणा मागाहून चिकटला, आणि तो कसा ते बनवणे या क्रियापदातच दिसतं बघा, आपण खुर्ची बनवतो आणि समोरच्या माणसालाही बनवतो (‘ए, बनवतोस काय मला?’). स्वतःच दागिने लपवून चोरीची तक्रार दिली की तो ‘चोरीचा बनाव’.

आता दोन अर्थ ओळखायचे कसे, तर व्याकरण बघा. ‘बनावटीचा/ची/चं’ असं रूप आलं की घडण, आणि नामाच्या आधी नुसतंच ‘बनावट’ आलं की खोटं. ‘गावठी बनावटीचं पिस्तूल’ जप्त केलं म्हणजे ते खरोखर गोळी झाडणारं असतं बरं का, ‘बनावट पिस्तूल’ असेल तर घाबरायचं कारण नाही! एका प्रत्ययावर एवढं सगळं अवलंबून.

बरेच जण नकली आणि बनावट एकच समजतात, मला नाही पटत. नकली अरबी ‘नक्ल’वरून, म्हणजे प्रत, त्यामुळे कुठेतरी अस्सल असावं लागतं. बनावटला तीही गरज नाही, जी कंपनी कधी अस्तित्वातच नव्हती तिचं लेटरहेड बनावटच म्हणायचं, नकली म्हणताना अडखळायला होतं. आणि खोटं बोलता येतं, बनावट बोलता येत नाही.

कायद्याच्या मराठीत फोर्जरीला, म्हणजे फसवण्यासाठी खोटा दस्तऐवज करण्याला, ‘बनावटीकरण’ म्हणतात. १८६० च्या दंड संहितेत ते कलम ४६३ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३३६ झालं. यातली एक गंमत म्हणजे स्वतःच्याच नावाची सही करूनही हा गुन्हा होऊ शकतो, म्हणजे चेकवर त्याच नावाच्या दुसऱ्या कोणाची सही वाटावी म्हणून फसवायच्या हेतूने केली तर. सही खरी, दस्तऐवज बनावट.

आणि हा प्रकार फक्त आपल्याकडे नाही. इंग्रजीत फोर्ज म्हणजे लोहाराची भट्टी आणि खोटी सही करणंही तेच, फॅब्रिकेटचंही तसंच (घडवणं आणि खोटं रचणं), दोन्हींचं मूळ लॅटिनमधल्या कारागिराच्या शब्दात. संस्कृतातलं कृत्रिमसुद्धा ‘कृ’ म्हणजे करणे यावरूनच आलंय, हाताने केलेल्या गोष्टीवर संशय घ्यायची खोड भाषांना जुनीच दिसते.

जाता जाता, ‘बनावटी नोटा’ असं हल्ली सर्रास लिहितात, ती हिंदीची छाप आहे. मराठीत ‘बनावट नोटा’ एवढंच पुरतं.