‘गेट’चा अर्थ विचारू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सगळ्यांसाठी लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा इथे इंदुरात भंवरकुआंला क्लासला जातो, तिथे सांगितलं की इंग्रजीतल्या ‘गेट’चे ढीगभर अर्थ आहेत, सगळे पाठ करून या, आणि तो ती यादी घेऊन बसलाय. तुम्ही विचारताय की आपल्याला तर शाळेत ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढंच शिकवलेलं, मग ‘गेट मॅरिड’, ‘गेट वेट’, ‘आय गॉट इट’, ‘गॉट इट रिपेअर्ड’ ह्यात मिळतंय तरी काय? आणि अमेरिकेतली तुमची भाची ‘गॉटन’ म्हणते ते बरोबर का चूक? (दरवाजावालं गेट वेगळं, त्याचा उच्चार लांब आहे, हे जी-ई-टी वालं आखूड. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्याला इलाज नाही.)

तर पहिली गोष्ट, यादी पाठ करू देऊ नका त्याला, खरंच. अर्थांचे आकडे हे कोशवाल्यांच्या कामाचे असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात विसाव्या शतकातला बराच काळ ‘सेट’ची नोंद सगळ्यात लांब होती, मग नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं तसं 2000 मध्ये ‘मेक’ पुढे गेलं, 2007 मध्ये ‘पुट’, आणि 2011 मध्ये ‘रन’चे 645 अर्थ नोंदवले गेले. म्हणून काय तिकडची पोरं 645 ओळी घोकून धावायला शिकतात का, नाही ना. आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, डोळा लागला, फोन लागला, भाजी कडू लागली, वेळ लागला, नाद लागला, जावं लागलं, मूल रडू लागलं, आणि ‘ती तुमची कोण लागते’ हे तर वेगळंच. तुम्हाला कुणी याची यादी दिली होती? तरी एकदाही चुकत नाही, कारण आपण ‘लागणे’चा अर्थ लावतच नाही, त्याच्या आजूबाजूला काय आहे त्यावरून कळतं. ‘गेट’चंही अगदी तेच आहे, फक्त तिथे सगळी मेख पुढच्या शब्दात असते. म्हणून मुलाला सांगा, ‘गेट’ दिसलं की थांबायचं नाही, पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे वस्तू आहे, विशेषण आहे, ‘टु’ आहे का एखादी जागा आहे.

पुढे वस्तू असेल तर आपलं शाळेतलं ‘मिळणे’ बऱ्यापैकी चालतं. ‘आय गॉट अ लेटर’ पत्र मिळालं, ‘गेट सम मिल्क’ जरा दूध घेऊन ये, ‘आय गॉट अ कोल्ड’ सर्दी झाली, ‘आय गॉट द जोक’ विनोद कळला. मराठीत चार क्रियापदं झाली, पण चारही ठिकाणी जे नव्हतं ते आता माझ्याकडे आलं, एवढंच चाललंय. आणि इथे एक फरक आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो आणि क्लासमध्ये कुणी सांगताना दिसत नाही. आपण म्हणतो ‘मला पत्र मिळालं’, ‘मला सर्दी झाली’, ‘मला नोकरी लागली’, ‘मला समजलं’. माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो आणि कर्ता होते ती वस्तू, क्रियापदसुद्धा तिच्यामागे जातं, पत्र मिळालं, सर्दी झाली. इंग्रजीला माणूसच पुढे लागतो, त्यांच्याकडे ‘मला’ची सोय जवळजवळ नाहीच, मग ह्या इतक्या सगळ्या ‘मला’वाल्या वाक्यांना ते ‘आय गेट’ लावून मोकळे होतात. मुलाला उलट्या बाजूनं शिकवून बघा. जिथे आपण ‘मला’ म्हणून आलं, झालं, मिळालं, लागलं, कळलं असं काही म्हणतो तिथे दहातल्या निम्म्या वेळा तरी ‘आय गॉट’ बसतं.

जाता जाता, इंदूरकरांना इथे एक जादाची अडचण आहे. आपण हिंदीच्या सोबतीनं ‘काल राजवाड्यावर तुझा भाऊ मिळाला होता’ असं सर्रास म्हणतो आणि पुण्याकडचे पाहुणे चमकून बघतात, तर विदर्भात उलटं, तिथे ‘पुस्तक भेटलं’ म्हणतात. मला दोन्हीत काही वावगं वाटत नाही, शेजारच्या भाषेचा रंग चढणारच आणि तो आपला रंग आहे. पण हिंदीतलं ‘मिलना’ डोक्यात ठेवून ‘गेट’कडे गेलं की ‘आय गॉट युअर ब्रदर ॲट राजवाडा’ असं वाक्य तोंडून निघतं आणि त्याचा अर्थ तुझ्या भावाला गाठलं, पकडलं असा होतो. भेटण्याला ‘मीट’च.

आता विशेषण. ‘गेट वेट’, ‘गेट टायर्ड’, ‘गेट अँग्री’, ‘इट्स गेटिंग डार्क’. इथे ‘मिळणे’ साफ विसरायचं आणि ‘होणे’ धरायचं. ‘बी’ म्हणजे असणे आणि ‘गेट’ म्हणजे होणे, एवढं एक पक्कं झालं ना की अर्धं काम झालं. ‘इंदूर इज क्लीन’ म्हणजे इंदूर स्वच्छ आहे, आज बघा दिसेल. ‘इंदूर गॉट क्लीन’ म्हणजे स्वच्छ झालं, आधी तसं नव्हतं आणि 2017 मध्ये देशात पहिला नंबर आला त्याच्या आधी कचरागाड्यांपासून सगळी घडी बसवायला किती खटपट झाली ती आपण इथे राहणाऱ्यांनी पाहिलीय, तो सगळा बदल त्या एका ‘गॉट’मध्ये आहे. ‘शी इज मॅरिड’ तिचं लग्न झालेलं आहे, ‘शी गॉट मॅरिड’ तिचं लग्न झालं, गेल्या महिन्यात म्हणा. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही कारण ‘बंद होतं’ आणि ‘बंद झालं’ आपण कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. उलट इंग्रजीतच गोंधळ आहे, ‘द शॉप वॉज क्लोज्ड’ म्हणजे दुकान बंद होतं का बंद केलं, दोन्ही निघतं, ‘गॉट क्लोज्ड’ म्हटलं की बंद झालं हेच एक उरतं. ‘गॉट सिलेक्टेड’, ‘गॉट ट्रान्सफर्ड’, आणि क्रिकेटमधलं आपलं ‘आऊट झाला’ म्हणजे ‘गॉट आऊट’, सगळी त्याच ओळीतली.

एक सावधगिरी मात्र. हे ‘होणे’ नामाबरोबर चालत नाही. ‘डॉक्टर व्हायचंय’ ह्याला ‘आय वॉन्ट टु गेट अ डॉक्टर’ म्हटलं तर समोरचा घाबरून ॲम्ब्युलन्सला फोन करेल, कारण त्याचा अर्थ मला डॉक्टर आणायचाय, बोलवायचाय. तिथे ‘बिकम’च.

‘फोन रिपेअर्ड’वाला प्रकार तुमच्या मुलाला सगळ्यात जड जात असणार. ‘आय रिपेअर्ड माय फोन’ म्हटलं तर मी स्वतः स्क्रू काढून बसलो. जेल रोडला जाऊन दुरुस्त करून घेतला असेल तर ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’. क्रम लक्षात ठेवायचा, गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आपल्याकडे ‘करून घेणे’ आहे, कापून घेतले, शिवून घेतला, रंगवून घेतलं, म्हणजे आपण ‘घेणे’ लावतो तिथे ते ‘गेट’ लावतात, इतकं जवळचं आहे हे. पण ह्याच साच्यात न ठरवता घडलेलंही बसतं, ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’, दारात बोट सापडलं, आता ते काय कुणी करून घेत नाही. मुद्दाम केलं का अंगावर आलं हे पुढच्या क्रियापदावरूनच कळतं.

आणि वस्तूऐवजी माणूस आला की मध्ये ‘टु’ लागतो. ‘आय गॉट हिम टु कम’, तो येईना येईना करत होता, गळ घातली, राजी केलं. ‘मेड हिम कम’ म्हटलं की भाग पाडलं, आणि तिथे ‘टु’ नाही. ‘हॅड हिम कम’ म्हणजे साधं बोलावून घेतलं. तिन्ही ठिकाणी तो आलाच, पण कसा आला ते क्रियापद सांगतं. ‘गॉट हिम कम’ हे मात्र चूक, परीक्षेत हमखास विचारतात.

‘टु’ सरळ ‘गेट’ला चिकटून आला तर मला फार आवडणारी जागा आहे ती. 2011 च्या डिसेंबरमध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागनं वेस्ट इंडिजविरुद्ध 219 काढले, जे तिथे होते ते आजही सांगतात ‘आम्हाला बघायला मिळालं’. ‘वी गॉट टु सी इट’. शब्दाला शब्द! बघायला मिळालं, भेटायला मिळालं, ऐकायला मिळालं, ह्या ‘मिळालं’मध्ये जे नशीब आहे तेच त्या ‘गॉट टु’मध्ये आहे, हिंदीतही ‘देखने को मिला’. पण मध्ये ‘हॅव’ आला तर सगळं फिरतं, ‘वी हॅव गॉट टु सी इट’ म्हणजे बघायलाच पाहिजे, बघावं लागेल. बोलण्यात त्याचंच ‘गॉटा’ होतं. मुलांच्या मेसेजमध्ये ‘गॉटा गो’ असतं ना, ते जावं लागेल, तिथे जायला मिळालं असा आनंद नाहीये.

जागेबद्दल फार लिहीत नाही, ‘गेट होम’ घरी पोचणे (इथे ‘टु’ नाही), ‘गेट टु द स्टेशन’ स्टेशनला पोचणे. आणि मग ती जोडशब्दांची फौज, ती वाचता वाचताच येते, मात्र प्रत्येकाला आपल्याकडे अस्सल मराठी जोडीदार सापडतो म्हणून मजा येते. ‘गेट बाय’ म्हणजे भागतं, ‘पगारात भागतं कसंबसं’ मधलं. ‘गेट अलाँग’ पटणे. ‘गेट ओव्हर’ सावरणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे खपून गेलं, केलं आणि खपून गेलं. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागला नाही, इथे आपलं ‘लागणे’ पुन्हा हजर. आणि काही तर आपण मराठीच करून टाकलेत, ‘सानंद’ ह्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाहून परत येताना ‘गेटअप छान होता’ म्हणणाऱ्या आजींना तो इंग्रजी शब्द आहे असं वाटतही नाही, शाळेच्या बॅचचं गेट-टुगेदर तर घरोघरी आहे.

‘गॉटन’कडे यायला थोडा इतिहास लागतो. ‘गेट’ हा शब्द मुळात इंग्लंडचा नाहीच, तो उत्तरेकडच्या समुद्री लोकांचा, ज्यांना व्हायकिंग म्हणतात. 793 मध्ये त्यांनी लिंडिसफार्नच्या मठावर धाड घातली आणि पुढे दोनेक शतकांत इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात घरं करून राहिले, शेती केली, लग्नं केली, आणि त्यांचं ‘गेटा’ हे क्रियापद तिथल्या लोकांच्या तोंडी बसलं. ‘टेक’ (घेणे) आणि ‘दे’ (म्हणजे ते लोक) हेही त्यांचेच. इंग्रजांकडे ह्या कुळातले शब्द होते पण उपसर्ग लागलेले, ‘फरगेट’ त्यातलाच, हातात असलेलं निसटणे असा काहीसा. अजून मागे गेलं तर ह्याच धातूचा लॅटिनमधला भाऊबंद म्हणजे पकडणे ह्या अर्थाचा ‘प्रेहेन्देरे’, ज्यातून ‘कॉम्प्रिहेन्ड’ आला आणि ‘प्रिझन’ही आला. म्हणजे ‘आय गेट इट’ आणि ‘आय कॉम्प्रिहेन्ड’ एकाच घराण्यातले निघाले. आपण ‘अर्थग्रहण’ म्हणतो त्यातही पकडणंच आहे.

तर ‘गॉटन’ हे जुनं रूप आहे, नवं अमेरिकन फॅड नाही. सतराव्या शतकात जे लोक इंग्लंडहून अमेरिकेला गेले ते हे रूप बरोबर घेऊन गेले, तिकडे टिकलं, आणि इंग्लंडमध्येच मागे पडलं, ‘फरगॉटन’मध्ये तेवढं राहिलं. तुमची भाची अगदी बरोबर बोलते. तिकडे तर दोन्ही रूपांत फरक करतात, ‘शी हॅज गॉट अ कार’ म्हणजे तिच्याकडे गाडी आहे आणि ‘शी हॅज गॉटन अ कार’ म्हणजे तिनं गाडी घेतली. इथल्या परीक्षेत मात्र ब्रिटिश पद्धत चालते, मुलानं पेपरात ‘गॉट’च लिहावं. निबंधात, अर्जात तर ‘गेट’ कमीच वापरावं, तिथे ‘रिसीव्ह’, ‘बिकम’ हे शब्द शोभतात, पण बोलताना तेच शब्द आणले की पुस्तक वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

अजून दोन गोष्टी, ज्या आपण सगळेच बोलतो. ‘आय ॲम गेटिंग लेट’ हे आपल्याकडचं, ‘मला उशीर होतोय’चं. बाहेर ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणतात, आणि ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणजे वेळ बरीच झाली, रात्र झाली. दुसरं ‘गेट डाऊन’. सिटी बसमधून उतरायला आपण ‘गेट डाऊन’ म्हणतो, भारतात कुणाचं काही अडत नाही, पण तिकडे बसमधून ‘गेट ऑफ’ आणि कारमधून ‘गेट आऊट’. चढताना बसमध्ये, ट्रेनमध्ये ‘गेट ऑन’, कारमध्ये ‘गेट इन’, साधारण ज्यात उभं राहून चालता येतं तिथे ‘ऑन’ आणि ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे ‘इन’. रिक्षा वाकून शिरण्यातली, म्हणून ‘गेट इन’.