खप कोणाचा, बोलबाला कोणाचा?

प्रश्न : निन्टेंडोच्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, बाहेरच्या कंपन्यांचे गेम खपतच नाहीत, असं माझा धाकटा भाऊ ठासून सांगतो. खरं आहे का?

उत्तर : भाऊरायांना दोन नावं ऐकवा. निन्टेंडोच्या ‘वी’ कन्सोलवर युबिसॉफ्टचा ‘जस्ट डान्स’ (२००९) तुफान चालला. कॅपकॉमचा ‘मॉन्स्टर हंटर राइज’ २०२१मध्ये आधी निन्टेंडोच्या ‘स्विच’ कन्सोलवरच आला आणि दोन आठवड्यांच्या आत ५० लाख प्रती बाजारात गेल्या. पण त्याच कन्सोलवर निन्टेंडोच्या स्वतःच्या ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’चा खप ६ कोटींच्या पुढे! त्याच्याशेजारी कोणीही किरकोळच दिसणार. शिवाय काही कंपन्या इतरत्र शिळा झालेला गेम वर्षा-दोन वर्षांनी स्विचवर आणतात, चित्र धूसर, किंमत मात्र पुरेपूर. वर गिऱ्हाईक नाही म्हणून गळा काढतात. मी तरी असल्या गेमला हात लावत नाही.