नमस्कार आणि काम एकाच संदेशात

प्रश्न : मी एका कार्यालयाच्या लेखा विभागात बावीस वर्षे काम करतो आहे. आता आमचे बरेचसे बोलणे चॅटवरच होते. कोणाकडे काम असले की मी आधी 'नमस्कार, वेळ आहे का?' असे लिहितो आणि उत्तर आल्यावरच मुद्द्याकडे वळतो, कारण एकदम कामाचे लिहिणे मला उद्धटपणाचे वाटते. परवा विभागातली एक तरुण सहकारी म्हणाली, "सर, काम काय आहे ते लगेचच लिहीत जा ना." मला ते लागले. माझे काही चुकते का?

उत्तर : तुमच्या हेतूत काहीच खोट नाही. कोणाच्या टेबलापाशी गेल्यावर आधी 'वेळ आहे का' असे विचारणे रास्तच आहे, कारण तिथे समोरच्याने 'हो' म्हणताच बोलणे सुरू होते. चॅटवर मात्र तुमचा 'नमस्कार' दिसला की ती सहकारी हातातला ताळमेळ अर्धवट सोडून 'बोला सर' असे लिहिते. मग तुमच्या नावाशी 'टाइप करत आहे' ही अक्षरे उमटतात, नाहीशी होतात, पुन्हा उमटतात, आणि आपल्या हातून काही चूक झाली आहे की साधी चौकशी आहे हे कळेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागतो. वरिष्ठांकडून नुसता नमस्कार आला की ही धास्ती अधिकच असते.

म्हणून नमस्कार जरूर लिहावा, पण त्याच संदेशात कामही लिहावे : 'नमस्कार. मार्चच्या प्रवासखर्चाच्या दोन बिलांवर सही नाही. बुधवारी दुपारपर्यंत ती पूर्ण करून मिळाली तर गुरुवारी रक्कम देता येईल. आज घाई नाही.' यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण हातातले काम संपवून सवडीने उत्तर देण्याची मोकळीक तिला त्यातून मिळते.

तुम्ही विचारले नाही, तरी वेळेविषयीही लिहितो. रात्री काही सुचले तर ते तेव्हाच लिहून ठेवावे, पण पोहोचू द्यावे सकाळी. स्लॅक आणि टीम्स या कार्यालयीन चॅटच्या दोन्ही ॲपमध्ये संदेश ठरावीक वेळी पाठवण्याची सोय आहे. स्लॅकवर '@चॅनेल' लिहिले की गटातल्या सर्वांना सूचना जाते, '@हिअर' लिहिले तर फक्त त्या वेळी सक्रिय असणाऱ्यांना. एकाच माणसाकडे काम असताना यांपैकी काहीही वापरू नये. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा पाहून 'वाचले, तरी उत्तर नाही' असा राग धरणेही बरे नव्हे, कारण वाचणे क्षणाचे असते आणि उत्तरासाठी पुष्कळदा कागद शोधावे लागतात. कोणाची चूक दाखवायची असेल तर ती गटात मुळीच लिहू नये. एकट्याला फोन करावा, कारण आवाजातली आपुलकी अक्षरांत उतरतेच असे नाही.

त्या मुलीने मागे कुजबूज न करता तुम्हालाच सांगितले, यात तुमच्याविषयीचा विश्वास आहे असे मी मानतो. तिला अजून काही उत्तर दिले नसेल, तर 'बरे झाले सांगितलेस' एवढेच आज लिहा.