इंग्लंडमधल्या खेड्यांत धर्मादाय शाळा कशा सुरू झाल्या आणि पुढे त्यांचं काय झालं?

या शाळांना खरा जोर आला तो 1698 नंतर. त्या वर्षी लंडनमध्ये एस.पी.सी.के. ही ख्रिस्ती संस्था निघाली आणि तिने गावोगावी वर्गणीतून शाळा काढायला प्रोत्साहन दिलं. खेड्यात मात्र बऱ्याचदा एखाद्याच्या मृत्युपत्रातून शाळा उभी राहायची. गावातला सधन माणूस जमिनीचा तुकडा ठेवून जायचा, त्याच्या खंडातून मास्तरचा पगार निघायचा. खंड थकला की शाळा बंद! कितीतरी शाळांचं नशीब असं एका शेतावर अवलंबून होतं.

शिकवायचे काय? आधी वाचन, तेही धर्मशिक्षणासाठी. लिहिणं आणि हिशेब नंतर, आणि सगळ्यांना नाहीच. मुलींना शिवणकाम, विणकाम. पुष्कळ ठिकाणी मुलांना फुकट निळा कोट मिळे, कारण निळा रंग स्वस्त पडायचा. वर्षातून एकदा चर्चमध्ये खास प्रवचन होई, ही मुलं देणगीदारांसमोर रांगेत बसत आणि मग थाळी फिरे. गरिबाच्या पोराला आपली गरिबी अशी अंगावर घालून मिरवावी लागे, हे मला फार बोचतं. पण अक्षरओळखीचा दुसरा मार्ग त्या मुलांना क्वचितच होता, हेही तितकंच खरं.

1811 नंतर यातल्या बऱ्याच शाळा चर्चच्या नॅशनल सोसायटीशी जोडल्या गेल्या. 1833 पासून थोडं सरकारी अनुदान आलं, 1870 च्या कायद्याने शाळा नसलेल्या भागात लोकनियुक्त मंडळांच्या शाळा आल्या आणि 1891 मध्ये प्राथमिक शिक्षण जवळपास मोफत झालं. काही जुन्या शाळा आजही त्याच नावाने चालू आहेत.