वाचक विचारतात : फ्रीजमध्ये दुधाचा बर्फ का होतो?

प्रश्न : आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज पाच वर्षांचा आहे. महिनाभरापासून खालच्या कप्प्यात दुधाच्या पिशव्या कडक होतात, कोथिंबीर काळी पडते, काकडी पाणीपाणी होते. वरचा फ्रीझर ठीक आहे. मेकॅनिक म्हणतो, गॅस भरावा लागेल. भरून घ्यावा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नका घेऊ. गॅस कमी झाला की फ्रीज थंड करणं सोडतो, फ्रीझरमधला बर्फही वितळू लागतो. तुमच्याकडे थंडी भरपूर तयार होते आहे, फक्त ती खाली किती सोडायची यावरचा ताबा सुटला आहे.

आधी तापमान मोजा. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा (तापाचा नव्हे, शून्याखालचे आकडे दाखवणारा) आणि रात्रभर दार उघडू नका. सकाळी साधारण ४ अंश सेल्सिअस दिसायला हवेत. दूध शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली गोठतं, पालेभाज्याही त्याच सुमारास. म्हणून १ किंवा ० अंश दिसले, तर मागच्या भिंतीजवळ बर्फ होणारच.

आता नेमकं कुठे गोठतं ते बघा. या फ्रीजमध्ये थंडी तयार होते ती फ्रीझरच्या मागे. पंखा ती हवा ढकलतो आणि मागच्या भिंतीतल्या खाचांमधून ती खाली येते. फक्त खाचांसमोरच्याच वस्तू गोठत असतील, तर फ्रीज बिघडलेला नाही, मांडणी बदला. पिशव्या आणि डबे भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, कोथिंबीर खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये हलवा. दारातली बाटलीसुद्धा गोठत असेल, तर मात्र बिघाड आहे.

पॅनेलवर झटपट गोठवण्याचा मोड चुकून चालू राहिला आहे का, तेही पाहा. गरम पातेलं सेन्सरच्या जाळीशेजारी ठेवण्याची सवयही महागात पडते. सेन्सरला वाटतं सगळा कप्पा तापलाय, आणि तो थंडी मागत राहतो.

हे सगळं ठीक असेल, तर पहिला संशय डॅम्परवर. फ्रीझरमधून खाली येणाऱ्या हवेच्या वाटेवर, थर्मोकोलच्या खोक्यात बसवलेली ही छोटी झडप आहे. खालचा कप्पा पुरेसा गार झाला की ती मिटायला हवी. तिच्या कडेला बर्फ धरला की ती अर्धवट उघडी राहते आणि उणे १८ अंशांच्या आसपासची हवा थेट दुधावर येत राहते. फ्रीज रिकामा करून प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि पूर्ण २४ तास तसंच राहू द्या. वरवर कोरडं दिसलं तरी थर्मोकोलच्या आतला बर्फ वितळायला वेळ लागतो. सुरी किंवा उलथन्याने बर्फ खरवडायचा मोह पूर्णपणे टाळा. नव्या फ्रीजमध्ये बहुधा आर-६००ए हा ज्वालाग्राही गॅस असतो. नळीला भोक पडलं तर दुरुस्ती महाग पडेल आणि आगीचा धोकाही आहे.

त्यानंतर फ्रीज काही आठवडे नीट चालला आणि पुन्हा गोठवू लागला, तर कुठून तरी दमट हवा आत शिरते आहे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. चारही बाजूंनी ती अडकली पाहिजे. सहज निघते तिथलं रबर साबणाच्या पाण्याने पुसा, वाकलं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून सरळ करा. तरीही पकड आली नाही तर रबर बदला. फ्रीझरमागचं पाणी वाहून नेणारं भोक तुंबलं असेल, तरी तिथे पाणी साचून बर्फ होतो.

बर्फ वितळवूनही लगेच तोच त्रास झाला, तर डॅम्पर किंवा सेन्सर खराब आहे. सेन्सर मल्टिमीटरने (विजेचं मोजमाप करणाऱ्या छोट्या यंत्राने) तपासता येतो. सेन्सर जितका गार, तितका त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. बर्फाच्या पाण्यात बुडवला की खोलीतल्या आकड्याच्या साधारण तिप्पट आकडा यावा. आकडा जेमतेम वाढला, तर सेन्सर फ्रीज चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ‘अजून गरमच आहे’ असं सांगत राहतो आणि फ्रीज थांबत नाही. नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात, म्हणून मेकॅनिककडून कंपनीच्या तक्त्याशी ताडून घ्या. आणि सेन्सर न तपासता बोर्ड बदलायला कबूल होऊ नका.

प्रश्न : आमचा एका दाराचा साधा फ्रीज आहे. थंडीच्या दिवसांत चिलर ट्रेखालची भाजी गोठते. नॉब ५ वर आहे.
– एक वाचक, निफाड

उत्तर : नॉब उन्हाळ्यातलाच राहिला आहे. तो २ वर आणा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एका दाराच्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट फ्रीझरच्या पत्र्याचं तापमान बघतो, भाजीचं नाही. बाहेर गारठा असताना खालचा कप्पा तापतच नाही, त्यामुळे त्याच आकड्यावर तो जास्त खाली जातो.

२ वरही गोठत असेल, तर रात्री कान द्या. कंप्रेसर मधूनमधून बंद व्हायला हवा. (इन्व्हर्टर फ्रीजला ही खूण लागू नाही, तो हळू वेगाने बराच वेळ चालतो.) बंदच होत नसेल तर नॉब ० वर न्या. ‘टिक’ आवाज होऊन कंप्रेसर थांबला पाहिजे. थांबला नाही तर थर्मोस्टॅटचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे टोक, चिकटलेत, किंवा आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी थर्मोस्टॅट वगळून वीज थेट कंप्रेसरला जोडून (‘डायरेक्ट’ करून) ठेवली आहे. असा फ्रीज चोवीस तास चालतो, बिल वाढतं, कंप्रेसर झिजतो. थर्मोस्टॅट बदलून घ्या.

नॉबने थांबतो, पण एरवी थांबत नाही? मग थर्मोस्टॅटच्या बारीक नळीचं टोक फ्रीझरच्या पत्र्यावरच्या क्लिपमधून सुटलं असावं. प्लग काढून मेकॅनिककडून ते पुन्हा घट्ट बसवून घ्या, नळी मुडपू देऊ नका. त्या नळीतला गॅस गळला तर थर्मोस्टॅट कंप्रेसर सुरूच करत नाही.

प्रश्न : गोठलेलं दूध, टोमॅटो, दही वापरावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दूध फ्रीजमध्येच सावकाश वितळू द्या, ढवळून उकळा, चालतं. टोमॅटो रस्सा किंवा सारासाठी. दही फुटून पाणी सुटतं, त्याची कढी करा. काकडी आणि पालेभाजी पूर्वपदावर येत नाहीत.

प्रश्न : वडिलांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं आणि फ्रीज सध्या गोठवतो आहे. काय करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही, फेकून द्यायचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. शंका असेल ती कुपी बाजूला काढा आणि नवी आणेपर्यंतच्या डोसबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. फ्रीज दुरुस्त होईपर्यंत नवा साठा शेजाऱ्यांच्या नीट चालणाऱ्या फ्रीजमध्ये ठेवा. पुढे घरच्या फ्रीजमध्ये ठेवताना चिलर ट्रे आणि मागची भिंत टाळा. झाकणाच्या डब्यात घालून दाराच्या कप्प्यात ठेवा आणि शेजारी किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर असू द्या. त्यात किमान आकडा २ च्या खाली गेलेला दिसला, तर नॉब एक घर कमी करा. शून्याच्या खाली गेला असेल, तर ती कुपी वापरू नका.